जुळा कप

स्वयंपाकघरात दूध जळत होतं आणि घोटकाका बाहेरच्या खोलीत दाढी करत होते. दारावर धडाधड थापा पडल्या. साबण लावलेल्या तोंडानेच त्यांनी दार उघडलं. शेजारीण उभी होती.

"अहो, काय जळतंय तुमच्याकडे? जिन्यापर्यंत वास आलाय!"

"आमच्याकडे? छे, दुसऱ्या कुणाकडे असेल."

शेजारणीने त्यांना बाजूला सारलं, तडक आत जाऊन गॅस बंद केला आणि फडक्याने पातेलं उचलून मोरीत ठेवलं. पातेल्याचा तळ कोळशासारखा झाला होता. खोली धुराने भरली होती. "नाक काय गहाण टाकलंय का तुम्ही?" ती बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. या घरातली बाई वारून फार दिवस झाले नव्हते. "राहू दे, मी पातेलं घासून आणून देते," म्हणाली आणि ते घेऊन निघून गेली.

घोटकाका धुरात उभे राहिले. डोळे चुरचुरत होते, पण नाकाला काही नव्हतं. त्यांनी फळीवरचा दालचिनीचा डबा उघडला आणि नाकाशी धरला. मग लवंगेचा. मग मोरीजवळची फिनेलची बाटली काढली, बूच उघडलं आणि असा जोरात श्वास घेतला की एरवी माणूस मागे कोलमडला असता. नुसती हवा आत गेली.

मग ते आतल्या खोलीत गेले. कपाटात बायकोचा करडा स्वेटर होता, कोपरावर विरलेला. बाकीचे कपडे मेहुणी येऊन आवरून गेली होती, पण तो त्यांनी कुणाला धुऊ दिला नव्हता. का, ते कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यांनी त्यात तोंड खुपसलं. लोकर टोचली. बाकी काही नाही.

दोघं एकाच तापात पडली होती. ती गेली, हे उठले. तेव्हापासून जेवण मातीसारखं लागत होतं. पण माणूस गेल्यावर अन्नाची चव जाते असं सगळेच म्हणतात, म्हणून त्यांनीही त्या बेचवपणाला दुःखच समजून सोडून दिलं होतं. आता कळलं की त्यात एक दुसरं नुकसान लपून बसलं होतं.

जगात नाक नसलेली माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातली बरीच मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेली आहेत. पण घोटकाका चहाच्या कंपनीत मुख्य चाखणारे होते. कुठल्या मळ्याचा चहा किती मिसळायचा, कुठली पेटी परत पाठवायची, हे त्यांच्या एका घोटावर ठरायचं. जिभेला कडू, तुरट, आंबट एवढंच कळतं. बाकीचा सगळा चहा नाकात असतो. बायको म्हणायची, "आपलं घर तुमच्या नाकावर उभं आहे. त्याला तेवढी सर्दी होऊ देऊ नका."

आणि दुसऱ्या दिवशी रजा संपून कामावर जायचं होतं.

*

कपखोलीत खिडकीला लागून एक लांबच लांब टेबल होतं. त्यावर पांढरे कप एका ओळीत. चाखणारे हातात चमचा घेऊन ओळीने पुढे सरकायचे, प्रत्येक कपातला चहा फुर्रकन ओढायचे, तोंडात घोळवायचे आणि चाकांच्या पिकदाणीत थुंकायचे. नवख्या माणसाला वाटावं, म्हशी पाण्यावर आल्यात. ही मांडणी करायची कपमावशी. कपाच्या बुडाला क्रमांक चिकटवायची आणि कुठल्या क्रमांकात काय आहे ते तिच्या एकटीच्या डोक्यात असायचं.

खोलीचा एक रिवाज होता. मावशी रोज त्या ओळीत एक चहा दोनदा मांडायची, लांब लांब, वेगळ्या क्रमांकाने. त्याला जुळा कप म्हणत. ज्याने त्या दोन कपांना वेगवेगळे गुण दिले, त्याने त्या दिवशीचे सगळे कप धुवायचे. मग तो कितीही जुना असो. कारण सरळ होतं. चहा एकच आहे, तेव्हा चूक जिभेची.

पहिल्या दिवशी घोटकाका त्या ओळीपुढे उभे राहिले. गरम पाणी प्यावं तसे ते पीत गेले. पण त्यांच्या पुढे भुवई होती.

भुवई म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरगी. कप बिघडलेला असला की तिची डावी भुवई वर जायची, म्हणून हे नाव पडलं. चहाला धूर लागला असेल तर अर्धी जायची. बुरशी असेल तर थेट केसांत. तिला स्वतःला ते कळायचंही नाही, असा काकांचा समज होता. त्या दिवशी त्यांनी चहा चाखलाच नाही, भुवई चाखली. जुळा कप बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशीही निघाला. टाय नावाचा एक चाखणारा होता, चार वाक्यांत पाच इंग्रजी शब्द घालणारा आणि उन्हाळ्यातही गळ्यात टाय बांधणारा. तो म्हणाला, "काका, रजेनंतर तुमची जीभ आणखी शार्प झाली हो!"

"विश्रांती मिळाली तिला," काका म्हणाले.

त्यांना हे लपवायचं नव्हतं. पण आज सांगावं तर उद्या खुर्ची रिकामी होणार आणि रिकाम्या खुर्चीवर टाय उडी मारणार. टायची जीभ बोलायला लांब होती, चाखायला नाही. महिन्यातले निम्मे दिवस कप धुण्यात जायचे त्याचे. म्हणून आधी भुवईला खुर्ची द्यायची, मग आपलं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. एके सकाळी ते धाकट्या मालकांकडे गेले.

"माझ्यानंतर ती पोरगी," काका म्हणाले. "तिला आत्तापासूनच बसवा. मी बाजूला होतो."

धाकटे मालक हसले. थोरल्या मालकांना असं हसता येत नसे. "काका, कुणी कुणाच्या पाठीवर हात ठेवला म्हणून वर चढवायचे दिवस गेले. आता शास्त्र आलंय. कुणात किती गुण आहेत, कुणाला वाढवायचं, ते चाचणीतून काढणार आहोत आपण."

"मग चहा पाजा ना सगळ्यांना. तीच चाचणी."

"चहा नाही हो. माणूस. माणूस मोजायचा."

दुसऱ्याच आठवड्यात शास्त्र आलं. बारीक काड्यांचा चष्मा, पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली. नाव काहीतरी होतं, पण मावशीने पहिल्याच दिवशी "शास्त्रसाहेब, चहा घेणार?" असं विचारलं आणि तेच नाव चिकटलं. ते म्हणाले, "मी चहा पीत नाही." कपखोलीतले सगळे त्यांच्याकडे असे बघू लागले की जणू कुणी देवळात चपला घालून आलंय.

चाचणी संगणकावर होती. निःपक्षपाती व्हावी म्हणून नावं नव्हती, नुसते क्रमांक. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी. कुणाला कुठला क्रमांक, ते चाचणीबाहेरच्या एकाच माणसाने ठरवायचं आणि निकालापर्यंत कुणाला सांगायचं नाही; शास्त्रसाहेबांनीही बसणाऱ्यांची तोंडं बघायची नाहीत. धाकटे मालक म्हणाले, "मावशी, तुमचं तर रोजचंच काम आहे ते." मावशीने पदराला हात पुसले आणि मान डोलावली.

घोटकाकांनी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ पाहिला होता, पण इतका छान रंगवलेला पाहिला नव्हता. 'अनोळखी लोकांत मला मोकळं वाटतं : पूर्ण सहमत, थोडा सहमत, असहमत.' कुठले अनोळखी? लग्नातले की पोलिसचौकीतले? 'माझ्या मते अपयश ही संधी आहे.' ज्याचं घर बसलं त्याला विचारा. 'आपण जहाजाचा भाग असता तर शीड असता, सुकाणू असता की नांगर?' काकांनी नांगर दाबलं, कारण ते बोटाजवळ होतं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी न वाचता दाबले. त्या दिवशी त्यांचं मन घरी मोरीतल्या पातेल्यात होतं. शेजारणीने घासून दिलं तरी तळाचा डाग गेला नव्हता.

चहाबद्दल एकही प्रश्न नव्हता.

*

निकाल काचेच्या खोलीत लागला. धाकटे मालक, शास्त्रसाहेब, चाखणारे सगळे आणि क्रमांक उलगडून सांगायला मावशी. भिंतीवर रंगीत चौकोन दिसत होते. हिरव्या चौकोनातला माणूस वाढवायचा, पिवळ्यातला सांभाळायचा, लाल चौकोनातला दुसरीकडे हलवायचा.

"क्रमांक दोन," शास्त्रसाहेब म्हणाले. "स्थिर, खोल, विलक्षण संवेदनशील. संस्थेचा आधारस्तंभ."

"ते काका," मावशी म्हणाली.

टाळ्या पडल्या. काकांना हसू आवरेना. न वाचता दाबलेली बटणं एवढी खोल निघतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

टाय हिरव्याच्या कडेला होता. "विकसनशील," शास्त्रसाहेब म्हणाले. टायने नम्रपणे मान खाली घातली. मान खाली घालण्याचंही त्याने शिक्षण घेतलं असावं.

"क्रमांक चार. आत्मविश्वास कमी. निर्णय टाळण्याकडे कल. एकट्याने, ठरावीक चाकोरीत करण्याच्या कामाला योग्य. आमची शिफारस आहे, यांना पॅकिंगला हलवावं."

"भुवई," मावशी हळू आवाजात म्हणाली.

भुवईची भुवई जागची हलली नाही. ती नुसती टेबलाकडे बघत राहिली. काकांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"आणि आता," शास्त्रसाहेबांनी आवाज चढवला, "क्रमांक नऊ. मी बऱ्याच संस्थांत हे काम करतो, पण असा निकाल क्वचित मिळतो. ठाम. झटपट निर्णय. लोक यांच्यामागे चालतील. जन्मजात नेतृत्व. तुमचा पुढचा मुख्य चाखणारा हाच. कोण आहे हा?"

धाकटे मालक खुर्चीच्या कडेला सरकले. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आपला क्रमांक होऊन गेला होता तरी टायने घाईने टाय सरळ केला.

मावशी गोंधळली. "तीच," ती म्हणाली.

"तीच म्हणजे?"

"भुवईच. सकाळी चार, दुपारी नऊ."

"दोनदा बसवलीत तुम्ही तिला?"

"मग? जुळा नको?" मावशीला प्रश्नच कळेना. "मांडणी म्हटली की एक जुळा ठेवायचाच. नाहीतर मोजणारा बरोबर मोजतोय की नाही, कळणार कसं?"

 मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळेच. धाकट्या मालकांनी टेबलावर हात आपटला.

"आणि तू? तुला कळलं नाही दुसऱ्यांदा बसताना?" त्यांनी भुवईला विचारलं.

"मला वाटलं, दुसरी फेरी असेल. बोलावलं म्हणून गेले," ती म्हणाली. "सकाळी उपाशी होते, कप संपवून तशीच आले होते. दुपारी जेवण झालं होतं. मावशींनी एक गंमत सांगितली होती, ती आठवून हसू येत होतं. म्हणून सगळीकडे 'पूर्ण सहमत' दाबलं."

काकांना वाटलं, आता संपलं. आता हा माणूस पिशवी उचलेल आणि जाईल. कपखोलीत रांगेने उभं राहणाऱ्या कुणालाही हे समजलं असतं. माणूस एकच आहे, तेव्हा चूक जिभेची. शास्त्रसाहेबांनी आता कप धुवायचे.

पण शास्त्रसाहेब शांतपणे पाणी प्यायले. "हे फार उपयोगी आहे," ते म्हणाले. "एकाच दिवसात इतकी तफावत! म्हणजे या व्यक्तीत सातत्य नाही. आमच्या चाचणीने ते अगदी अचूक पकडलं."

"म्हणजे बेभरवशाची," धाकटे मालक म्हणाले.

"मी तसा शब्द वापरणार नाही. पण हो."

"अहो, पण वजन एक आणि काटा दोन आकडे दाखवतोय," काका म्हणाले, "तर काटा मोडलाय म्हणायचं की वजनच लबाड आहे म्हणायचं?"

"काका, माणूस म्हणजे काही वजन नाही."

"मग मोजायला कशाला आलात?"

टाय मध्ये पडला. "काका, जरा पॉझिटिव्ह घ्या ना. सायन्स आहे ते."

"तू गप. तुझे कालचे कप अजून मोरीत पडलेत."

धाकटे मालक उठून उभे राहिले. "पुरे. काका, तुम्ही आणखी काही वर्षं खुर्चीवर राहा. टाय तुमच्या हाताखाली तयार होईल. ही पॅकिंगला जाईल. जिचं सकाळचं दुपारी टिकत नाही तिच्या जिभेवर मी कंपनी ठेवू शकत नाही."

काकांनी भुवईकडे बघितलं. तिचा चेहरा परतून आलेल्या पेटीसारखा झाला होता, बंद आणि शिक्का मारलेला.

"मावशी," काका म्हणाले, "एका कपात फिनेल घाला. भरपूर. आणि आणा इकडे."

"काका?"

"आणा तुम्ही."

मावशीने कप आणून टेबलावर ठेवला. खोलीभर फिनेलचा भपकारा सुटला. टायने रुमाल काढला, धाकट्या मालकांनी तोंड फिरवलं. काकांनी कप उचलला, नाकाशी नेला आणि सावकाश, मन लावून वास घेतला, नेहमी घेत तसा. डोळेही मिटले.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पाठवा बाजारात."

कुणाला काही कळेना.

"मला वास येत नाही," काका म्हणाले. "त्या तापापासून. एवढे दिवस जे गुण मी दिले ते हिचे आहेत. ही कप घ्यायची, मी हिच्या तोंडाकडे बघायचो. सकाळचं दुपारी टिकलं नाही असं एकदाही झालं नाही. माझा एकही जुळा कप चुकला नाही, तो हिच्या भुवईमुळे. आणि तुमच्या या यंत्राने मला आधारस्तंभ केलंय. विलक्षण संवेदनशील! फिनेल आणि चहा मला सारखेच."

धाकटे मालक मटकन खाली बसले. त्यांनी शास्त्रसाहेबांकडे बघितलं, जणू हा आता काहीतरी करेल. आणि शास्त्रसाहेबांनी केलं. "हे तर आमच्या निष्कर्षाशी जुळतं," ते म्हणाले. "संकटाशी जुळवून घेणं, दुसऱ्यातले गुण ओळखणं. क्रमांक दोनमध्ये हे दोन्ही सर्वांत वर आहे. बघा."

मावशी म्हणाली, "या माणसाला बुडवलं तरी हा म्हणेल, आंघोळ झाली."

"हे या खोलीबाहेर जाता कामा नये," धाकटे मालक घाम पुसत म्हणाले. "गिऱ्हाइकांना कळलं तर आपलं नाक कापलं जाईल."

"माझं गेलंच आहे. तुमचं तुम्ही सांभाळा."

"काका, ऐका. तुम्ही खुर्चीवर राहा. ही तुमच्या शेजारी उभी राहील. जसं चाललंय तसंच चालू द्या. मग तिची पुन्हा चाचणी घेऊ, आणि निकाल बरा आला तर बघू."

"आणि वाईट आला तर?"

"तर पुन्हा घेऊ."

काकांनी खिशातून आपला चमचा काढला. चाखणाऱ्याचा चमचा त्याचा स्वतःचा असतो, दुसरा कुणी त्याला हात लावत नाही. त्यांनी तो फिनेलच्या कपाशेजारी, सांडलेल्या थेंबांत ठेवला. "मी काम सोडतो," ते म्हणाले. "नाक नसताना त्या खुर्चीवर बसलो ते हिच्यासाठी बसलो. तुमच्यासाठी एक दिवसही बसणार नाही."

*

भुवई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांच्या घरी आली. कपखोलीत राहिलेला त्यांचा एप्रन आणि तो चमचा घेऊन.

"चमचा तुझ्यासाठी ठेवला होता," काका म्हणाले.

"माहीत आहे. पण फिनेल लागलंय त्याला. तीनदा धुतला तरी येतोय वास." ती खुर्चीवर बसली. "टाय बसला आज तुमच्या जागी. मावशींनी त्याला शेजारी शेजारीच ठेवला जुळा कप. तरी चुकला."

"कप धुतले?"

"म्हणतो, मुख्य चाखणारा कप धूत नाही. मावशी म्हणाल्या, मग तू अजून मुख्य नाहीस. धुतले शेवटी."

"आणि तू?"

"मला पॅकिंगला पाठवत नाहीत आणि खुर्चीही देत नाहीत. धाकटे मालक सकाळी दोनदा येऊन माझ्या तोंडाकडे बघून गेले." ती हसली. "काका, तुम्ही बघायचात ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नाहीतर एवढी कुठे उडते माझी भुवई? तुमच्यासाठी जरा जास्तच उडवत होते."

काका उठले. मग आत जाऊन करडा स्वेटर घेऊन आले आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"एक काम कर. हा चाख."

तिला कळलं. तिने स्वेटर दोन्ही हातांनी उचलला, गळ्यापाशी नाक नेलं, मग काखेपाशी, मग बाहीशी. कप घेताना घ्यायची तशी, घाई न करता. काका तिच्या भुवईकडे बघत होते. ती हलली नाही.

"काय आहे?"

"कपाटाचं लाकूड. जळलेलं दूध, ते सगळ्यांत वर आहे. साबण. थोडंसं खोबरेल. आणि खाली आणखी काहीतरी आहे, पुसट."

"ते तिचं असेल."

"असेल." ती थांबली. तिने आजवर कुठल्या कपाला खोटे गुण दिले नव्हते. "पण काका, मी त्यांना कधी भेटले नव्हते. तुमचं असेल, कपाटाचं असेल. त्यांचं कुठलं, ते मला कसं कळणार? ते तुम्हालाच ओळखता आलं असतं."

काकांनी मान हलवली. हे बरोबर होतं. तिने हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि मग तिच्यावरचा विश्वास गेला असता.

"धुऊन टाका आता," ती जाताना दारात म्हणाली. "दुधाचा वास लोकरीतून असा जाणार नाही. पाणी थंड घ्या."

तिने चमचा नेला. कंपनीने भुवईची पुन्हा चाचणी घेतली, निकाल तिसराच आला, आणि शास्त्रसाहेब आता चौथ्या चाचणीचं बोलत आहेत. टाय काही तिथे टिकला नाही, कपखोलीतली खुर्ची रिकामी आहे. स्वेटर धुवायचा राहिला आहे.